साडेतीन रुपयांचं ग्रोमेट आणि दोन दिवस उभी लाइन

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात पुन्हा सांगतो. चाकणला १२० माणसांचा कारखाना, एका गाड्या बनवणाऱ्या कंपनीला असेंब्ली पुरवता. मागच्या महिन्यात रबर ग्रोमेट (भोकात बसवायची रबराची कडी) देणाऱ्याचा मोल्ड, म्हणजे साचा, तुटला आणि साडेतीन रुपयांच्या पार्टसाठी तुमची लाइन दोन दिवस उभी राहिली. मालक आता म्हणतात, सगळ्याच पार्टचा तीन महिन्यांचा साठा करून ठेवा. कन्सल्टंटने साठ पानांची योजना दिलीय, पण ती कुठून सुरू करायची ते कळत नाही. परचेसला तुम्ही आणि एक ज्युनियर, बस.

मी २७ वर्षं हेच काम केलं. आधी भोसरीत, मग चाकणला, आता अधूनमधून लहान कारखान्यांना मदत करतो. साठा किती ठेवायचा हा प्रश्न मला नंतरचा वाटतो. त्याआधीची एक माहिती तुमच्याकडे नाही असं दिसतंय. एखादा पार्ट यायचा थांबला तर तुमची लाइन किती दिवस चालेल? आणि तो पार्ट पुन्हा कुठून का होईना, मिळायला लागायला किती दिवस लागतील? बीओएममधल्या, म्हणजे असेंब्लीला लागणाऱ्या पार्टच्या यादीतल्या, प्रत्येक पार्टपुढे हे दोन आकडे लिहा. जिथे दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा, तिथे तुमचा गळा अडकलेला आहे. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथे बसून कळणार नाहीत. तुमच्या गिऱ्हाइकाने काही पार्टचे वेंडर स्वतःच ठरवून दिले असतील तर तिथे दुसरा वेंडर उभा करणं तुमच्या हातात नाही, त्यांच्या मागे लागावं लागेल. बँकेची लिमिट किती वापरून झालीय, आयात किती, गिऱ्हाईक एकच की दोन-तीन, यावर उत्तर बदलेल. शेडमध्ये जागा किती हाही साधा पण मोठा प्रश्न आहे. तेव्हा मी सांगतो ते तुमच्या मापाने कापून घ्या.

मालकांच्या म्हणण्याचा हिशेब आधी करू, कारण तुम्हाला त्यांच्यापुढे उभं राहायचंय. समजा महिन्याची खरेदी २ कोटी ४० लाख आहे. तीन महिन्यांचा साठा म्हणजे ७ कोटी २० लाख. ११ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७९ लाख नुसतं व्याज. आता ग्रोमेटचा हिशेब. दिवसाला १,४०० असेंब्ली, प्रत्येकीत एक ग्रोमेट, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३६,४०० नग. साडेतीन रुपयांनी १ लाख २७ हजार ४००. त्यावर वर्षाचं व्याज चौदा हजार. तुमचे खरे आकडे वेगळे असतील, ते घालून हाच कागद करा आणि मालकांपुढे ठेवा. मालक लोकांना 'रिस्क' हा शब्द ऐकून कंटाळा येतो, व्याज मात्र लगेच कळतं.

ग्रोमेटचा दुसरा आकडा मात्र नीट काढायला हवा, तिथे लोक फसतात. मोल्ड दुरुस्त होत असेल तर आठवडा. नवा मोल्ड करायचा तर पाच-सहा आठवडे. वेंडरच बंद पडला आणि नवा शोधायचा तर ड्रॉइंग, मोल्ड, सॅम्पल, रबराच्या चाचण्या, पीपॅप (नवा पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं), गिऱ्हाइकाची मंजुरी. माझ्या अनुभवात तीन ते चार महिने. आणि तुमच्याकडे साठा होता किती? दोन दिवस लाइन उभी राहिली त्यावरून पाचेक दिवसांचा असावा. म्हणजे तुमचं नशीब चांगलं, फक्त मोल्डच तुटला.

यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. पार्ट का बंद झाला हे मी विचारतच नाहीये. आग, संप, पूर, भागीदारांचं भांडण, वेंडरच्या घरचं लग्न. कारणांची यादी करायला बसलात तर साठ काय, सहाशे पानं होतील. एप्रिल २०२१ आठवा. रुग्णालयांना ऑक्सिजन पुरेना म्हणून केंद्राने मोजके उद्योग सोडून बाकीच्यांना ऑक्सिजन द्यायला मनाई केली. आपल्याकडची गॅस कटिंगची, लेझर कटिंगची किती युनिट एका आठवड्यात थंड पडली. दवाखान्यांना देणं बरोबरच होतं, जीव आधी. पण कुठल्या कंपनीच्या फाइलमध्ये 'ऑक्सिजन दवाखान्यात गेला' असा धोका लिहिलेला होता? कुठल्याच नाही. ज्यांनी 'आपला कटिंगवाला तीन आठवडे बंद राहिला तर काय' एवढाच विचार करून ठेवला होता, ते त्यातून निभावले. त्यांना कारण आधी कळायची गरजच पडली नाही.

दोन आकड्यांचा तक्ता भरायला बसाल तेव्हा तुमचं मन महागड्या पार्टकडे ओढलं जाईल. ती परचेसवाल्यांची सवय. ज्याच्यावर जास्त पैसे जातात, त्याच्यावर लक्ष. पण त्या पार्टवर लक्ष आधीच असतं हो, त्याचा रोज फॉलोअप होतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या डेव्हिड सिम्ची-लेव्ही यांनी फोर्डसोबत केलेल्या कामात असंच दिसलं होतं. भरपूर खर्चाचे पुरवठादार धोक्याचे असतीलच असं नाही, आणि किरकोळ पार्ट देणाऱ्यांमध्ये बराच धोका दडलेला असतो. लांब कशाला जायचं. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने काही रेअर अर्थ धातू आणि त्यांच्या मॅग्नेटच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. गाडीच्या किमतीत त्या मॅग्नेटचा वाटा फारच थोडा. तरी आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोला ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन थांबवावं लागू शकतं असं जाहीरपणे सांगावं लागलं. तुमचं ग्रोमेट आणि त्यांचा मॅग्नेट, दोघांची जात एकच.

आता दुसऱ्या वेंडरबद्दल. तुमच्या कन्सल्टंटने लिहिलंच असेल की प्रत्येक पार्टला दोन वेंडर हवेत. वाचायला छान वाटतं. माझा अनुभव सांगतो.

भोसरीत असताना एका ब्रॅकेटला माझ्याकडे दोन वेंडर होते. एक साठ टक्के, एक चाळीस. ऑडिटला मी तो तक्ता मोठ्या अभिमानाने दाखवायचो. एका सकाळी पावणेनऊला पहिल्याचा फोन, आज माल येत नाही. म्हटलं काही हरकत नाही, दुसऱ्याला वाढवून सांगतो. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, "साहेब, मीच तुम्हाला करणार होतो." दोघंही झिंक प्लेटिंग एकाच ठिकाणी करून घेत होते, आणि सांडपाण्याच्या भानगडीत त्या प्लेटिंगवाल्याची वीज आदल्या संध्याकाळी तोडली होती. दोन वेंडर, टाकी एक. सगळ्यात लाज कशाची वाटली सांगू? दोघांचा माल एकाच रंगाच्या, एकाच नावाची पट्टी मारलेल्या पिवळ्या क्रेटमधून येत होता. ती पट्टी मी दोन वर्षं बघत होतो. कधी विचारलं नाही.

तेव्हापासून मी वेंडरला एकच प्रश्न जास्तीचा विचारतो: तुमच्याकडून माल बाहेर कुठे कुठे जातो? प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, पावडर कोटिंग, ग्राइंडिंग. आणि कच्चा माल कुणाकडून? तुमच्या ग्रोमेटच्या बाबतीत रबर कंपाउंड कोण देतं ते विचारा. सुरुवातीला लोक सांगत नाहीत, त्यांना वाटतं हा आपल्याला बाजूला करून थेट तिकडे जाईल. ती भीती खोटी नाही, काही कंपन्या तसं करतात. म्हणून मी सरळ सांगतो की भाव मला विचारायचा नाही, फक्त नाव आणि गाव सांगा. फॉर्म पाठवू नका, फॉर्मवर 'इन-हाउस' लिहून येतं. चहा प्यायला जा आणि शेडच्या मागच्या बाजूला जाऊन या. मागच्या बाजूला क्रेट दिसतात.

आणखी एक गोष्ट तुमच्या मोल्डवरून आठवली, ती साठ पानांत नसणार असा माझा अंदाज आहे. मोल्ड, डाय, पॅटर्न, फिक्श्चर: पैसे तुम्ही दिलेले, पण वस्तू वेंडरच्या शेडमध्ये. आमचा एक ॲल्युमिनियम कास्टिंगवाला होता. कर्ज थकलं, बँकेने एका दुपारी शेडला सील ठोकलं. आत आमची डाय. बाहेर वॉचमन. मी गेटवर उभा राहून सांगतोय की डाय आमची आहे, आणि तो बिचारा म्हणतोय की साहेब, मला कागद दाखवा. कागद नव्हता. डायची किंमत आम्ही पार्टच्या भावात थोडी थोडी करून फेडली होती, त्यामुळे 'डाय यांची' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. सोडवायला पाच आठवडे गेले. नवीन बनवायला घेतली असती तर तेवढ्यातच झाली असती.

म्हणून आता टूलचं एक साधं रजिस्टर ठेवतो. कुठलं टूल, कुणाकडे, कधीचं, किती शॉट झाले, फोटो. टूलवर आमच्या नावाची पत्र्याची पट्टी रिव्हेट केलेली. मालकीचं एक पानी पत्र, वेंडरच्या सही-शिक्क्यानिशी. टूलचं ड्रॉइंग आमच्याकडे. खर्च जवळजवळ शून्य. तुम्हाला पुढच्या महिन्यात एकच काम करायला वेळ मिळाला तर हे करा, असं मी म्हणेन. साठ्याच्याही आधी.

साठ्याचा मी विरोधक नाही. पण साठ्याला त्याचे रोग असतात. रबराला आयुष्य असतं, ऑइल सीलला असतं, चिकटवायच्या पदार्थांना तर फारच कमी असतं. पावसाळ्यात चाकणच्या शेडमध्ये ठेवलेल्या कच्च्या लोखंडी पार्टला काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आणि ड्रॉइंग बदललं की सगळा साठा भंगार. मी एकदा हौसेने ११ हजार नग भरून ठेवले होते, ड्रॉइंगचं रिव्हिजन सी. तीन आठवड्यांनी रिव्हिजन डी आलं, भोक दीड मिलिमीटरने सरकलं. ते नग वर्षभर स्टोअरच्या कोपऱ्यात होते आणि स्टोअरकीपर मला येता-जाता दाखवायचा. तेव्हा साठा वाढवण्याआधी इंजिनीअरिंगला विचारा की यात बदल येऊ घातलाय का. आणि साठा वाढवाल तो फिरता ठेवा, जुना आधी वापरात, नवा त्याच्या जागी. कोपऱ्यात झाकून ठेवलेला 'आणीबाणीचा साठा' आणीबाणीच्या दिवशी उघडला की त्यातलं निम्मं नाकारलं जातं.

कुठे साठा आणि कुठे दुसरा वेंडर, हे मी ढोबळपणे असं ठरवतो. पार्ट स्वस्त, लहान, टिकाऊ असेल तर साठा. मोठा किंवा महाग असेल तर दुसरा वेंडर, जरी त्याला दहा टक्केच काम दिलं तरी, कारण मंजुरी झालेली असली की बाकी वेळ वाचतो. आणि दोन्ही शक्य नसेल तर निदान त्याचं टूल आणि ड्रॉइंग ताब्यात. चिपसारख्या पार्टला यातलं फारसं काही लागू पडत नाही. तिथे टोयोटासारख्यांनी २०११ च्या भूकंपानंतर आपल्या पुरवठादारांनाच दोन ते सहा महिन्यांच्या चिपचा साठा ठेवायला लावला, आणि २०२१ च्या सुरुवातीला बाकीचे ओरडत होते तेव्हा त्यांचं बरंच दिवस निभावलं. हीच जस्ट-इन-टाइमची, म्हणजे माल लागेल तेव्हाच मागवायच्या पद्धतीची, पंढरी बरं का. म्हणजे साठा नकोच असं त्यांनीही कधी मानलं नाही, कुठल्या पार्टचा हवा ते पाहिलं.

आयात असेल तर एकच सांगतो. समुद्रावरचा माल साठ्यात धरू नका. २०२३ च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडचा माल आफ्रिकेला वळसा घालून यायला लागला. दहा-चौदा दिवस सहज वाढले. आपल्या शीटमध्ये मात्र तोच माल 'पाइपलाइनमध्ये' म्हणून हिरव्या रंगात दिसत होता. न्हावाशेवाला उतरला, कस्टममधून सुटला, घाट चढून आला आणि स्टोअरने मोजला, की मग तो माल.

आणि अचानक येणाऱ्या संकटांइतकेच खोळंबे कॅलेंडरवर छापलेले असतात, त्यांचं आपल्याला दरवर्षी नवल वाटतं. ज्येष्ठात देहू-आळंदीच्या पालख्या निघाल्या की आधी आळंदी, पिंपरी-चिंचवड, मग पुण्यातला दोन दिवसांचा मुक्काम, मग दिवेघाट आणि सोलापूर रस्ता, वाहतूक वळवलेली असते. सासवडकडे किंवा लोणी काळभोरकडे वेंडर असेल तर त्याचा टेम्पो त्या दिवशी येणार नाही, हे पंचांग बघून सांगता येतं. विसर्जनाच्या दिवशी तेच. दिवाळीत मराठवाड्यातली, खानदेशातली पोरं गावी जातात ती भाऊबीज झाल्यावर लगेच परत येत नाहीत. छठला बिहारची पोरं जातात, फाउंड्री आणि प्लेटिंग तिथे अडकतं. चिनी नववर्षाला तिकडचे कारखाने आठवडा-दोन आठवडे बंद. चाकण चौकातल्या कोंडीबद्दल बोलत नाही, ती आपत्ती नाही, ते आपलं हवामान आहे. हे सगळं एका भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि वेंडरचं शेड्यूल त्याच्या तीन आठवडे आधी वाढवा.

तर इथवरचं तयारीचं: दोन आकडे, वेंडरच्या मागचा वेंडर, टूलचं रजिस्टर, निवडक साठा, कॅलेंडर. आता पार्ट खरंच थांबला त्या दिवशी काय करायचं ते सांगतो, कारण कितीही केलं तरी तो दिवस येतोच.

सगळ्यात आधी मोजा. हाताने. ईआरपीत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या हिशेबात, ४,२०० दिसतात आणि रॅकवर १,७०० निघतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता स्क्रीनकडे बघतच नाही. स्टोअर, लाइनच्या बाजूच्या बिन, रीवर्कचं टेबल, क्वालिटीचा होल्डचा पिंजरा (निर्णय होईपर्यंत अडवलेला माल), वेंडरकडे अर्धवट झालेला माल, टेम्पोत असलेला. एकदा होल्डच्या पिंजऱ्यात मला ९०० नग सापडले. कागदावर 'निर्णय बाकी', आणि निर्णय घेणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. नगांना काहीच झालेलं नव्हतं. तेवढ्यात आमची एक शिफ्ट निघाली.

मग गाडी काढा आणि वेंडरकडे जा. फोनवर विश्वास ठेवू नका. 'माल निघालाय' या वाक्याचे आपल्याकडे किमान चार अर्थ होतात: मशीनवरून निघालाय, तपासणीतून निघालाय, टेम्पो भरलाय, किंवा काहीच झालेलं नाही पण फोन ठेवा. वेंडर खोटारडा असतो असं नाही, त्याला स्वतःलाच किती दिवस लागतील ते कळलेलं नसतं, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून तो आशेचा आकडा सांगतो. मार्च २००० मध्ये अमेरिकेत अल्बुकर्कला फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. दहाएक मिनिटांत विझली. फिलिप्सने गिऱ्हाइकांना सांगितलं, आठवडाभर उशीर होईल. प्रत्यक्षात धुराने आणि पाण्याने स्वच्छ खोल्यांची वाट लागली होती. नोकियाने त्या 'आठवडाभर'वर विश्वास न ठेवता रोज पिच्छा पुरवला, माणसं पाठवली, फिलिप्सच्या इतर कारखान्यांमधली आणि दुसऱ्या पुरवठादारांकडची क्षमता अडवून ठेवली. एरिक्सनने थांबून पाहिलं आणि त्यांना सुमारे ४० कोटी डॉलरचा फटका बसला. बातमी दोघांना एकच मिळाली होती.

तिथे गेल्यावर ओरडू नका. तुटलेला मोल्ड डोळ्यांनी बघा, दुरुस्तीवाला आलाय का बघा, कामगार हजर आहेत का बघा. रात्री तिथेच बसायची वेळ आली तर बसा. तुमचा टूलरूमवाला सोबत न्या, बरेचदा तो दुपारपर्यंत काहीतरी तात्पुरती तोड काढतो.

तिसरी गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाला कळवणं. हीच सगळे टाळतात. आज नाही, उद्या माल आला तर सांगायचीही गरज नाही, असं करत करत त्यांची लाइन थांबायला चार तास उरतात आणि मग फोन जातो. चार तासांत ते काहीही करू शकत नाहीत, तुमच्यावर डेबिट नोट फाडून नुकसानीचे पैसे कापण्याशिवाय. तेच तीन दिवस आधी सांगितलं तर त्यांचं प्लॅनिंग मॉडेल पुढेमागे करू शकतं. मला स्वतःला एकदा असा फोन केल्यावर समोरून उत्तर आलं, "बरं झालं सांगितलंत, मंगळवारचं मॉडेल गुरुवारी घेतो." तीन दिवस मी ज्याच्यासाठी झोपलो नव्हतो ते दीड मिनिटात मिटलं. फोन करताना मात्र आकडे हातात हवेत: किती नग आहेत, कधीपर्यंत पुरतील, पुढचे कधी येतील, आणि यातलं किती खात्रीचं, किती अंदाजाचं. तुमच्या ग्रोमेटच्या वेळी तुम्ही गिऱ्हाइकाला कधी कळवलंत ते प्रश्नात लिहिलेलं नाही. अंदाज आहे, पण बोलत नाही.

आणि रात्री दोन वाजता आलेला माल थेट लाइनवर सोडू नका. टंचाईतल्या मालात दोष जास्त असतो, घाईत बनलेला असतो. लाइन दोन दिवस उभी राहिली ते गिऱ्हाईक विसरतं. खराब ग्रोमेट लागून गाड्या परत आल्या तर नाही विसरत. तपासणीत काही सवलत द्यायचीच असेल तर तिची मंजुरी गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यावर नको.

आता पैशांविषयी, मला हा मुद्दा जास्त जवळचा आहे. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये करियाला आयसिन या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनायचा आणि टोयोटाकडे साठा होता काही तासांचा. लाइनी बंद पडल्या. पण ६० हून जास्त कंपन्या मदतीला धावल्या, ज्यांनी तो व्हॉल्व्ह कधी बनवला नव्हता त्यासुद्धा. शिलाई मशीन बनवणाऱ्या ब्रदरनेही आपली मशीन त्याला जुंपली. भाव काय, पैसे कोण देणार, याचा करार होईपर्यंत कुणी थांबलं नाही, आणि आठवडाभरात टोयोटाच्या गाड्या पुन्हा निघायला लागल्या. लोक ही गोष्ट सांगून जपानी शिस्त वगैरे म्हणतात. मला त्यात उधारी दिसते. इतकी वर्षं ज्याने शब्द पाळला, तो याही वेळी पैसे बुडवणार नाही, ही खात्री असल्याशिवाय कुणी आपलं काम थांबवून दुसऱ्याचा व्हॉल्व्ह बनवत नाही.

तुमचा ग्रोमेटवाला बघा. त्याच्याकडे पाच-सहा गिऱ्हाइकं असतील. मोल्ड दुरुस्त झाल्यावर पहिल्या शिफ्टचा माल कुणाला द्यायचा हे तो ठरवतो, आणि तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तुमचा पीओ (खरेदीची ऑर्डर) नसतो, पैसे कधी येतात ते असतं. लहान उद्योगांना फार तर ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६ पासून आहे. तरी नव्वद, एकशे वीस दिवस लावणारे आपल्याकडे कमी नाहीत. तुमच्या अकाउंटवाल्याला विचारा की ग्रोमेटचं शेवटचं बिल किती दिवसांनी दिलं. साडेतीन रुपयांच्या पार्टची बिलं कायम ढिगाच्या तळाशी असतात, हे मी माझ्याच कंपन्यांमध्ये पाहिलंय. दोन आकड्यांच्या तक्त्यात जे पंधरा-वीस वेंडर धोक्याचे निघतील, त्यांची बिलं आधी निघतील एवढी सोय करून घ्या. सगळ्यांना लवकर पैसे देणं जमणार नाही. या वीसजणांना जमेल, त्यांची रक्कमच लहान असते.

राहिली ती साठ पानं. फेकू नका, आयएटीएफ १६९४९ च्या (गाड्यांच्या उद्योगातल्या दर्जाच्या मानकाच्या) ऑडिटला आकस्मिक योजना लागते, आणि ती अधूनमधून तपासून पाहिलेली असावी लागते. लोक तपासणीच्या नावाखाली सही करतात. मी एकदा एका कंपनीच्या योजनेतले १४ फोन नंबर ओळीने लावून पाहिले. पाच चुकीचे निघाले, एक माणूस दोन वर्षांपूर्वी वारला होता. तुमच्या ज्युनियरला एका दुपारी तेवढंच काम द्या. मग त्या साठ पानांतून दोन पानं काढा: एकावर तक्ता, दुसऱ्यावर पार्ट थांबला तर कोण मोजणार, कोण वेंडरकडे जाणार, गिऱ्हाइकाला कोण फोन करणार, आणि मालकांना न विचारता जादा भाड्याची गाडी किती रुपयांपर्यंत करता येईल. हा शेवटचा आकडा मालकांकडून आजच लिहून घ्या. रात्री साडेअकराला त्यांचा फोन लागत नाही म्हणून टेम्पो थांबलेला मी पाहिलाय.

आणि सगळे पार्ट एकदम घेऊ नका, दोघांना झेपणार नाही. येत्या गुरुवारी लाइन बंद असेल, तेव्हा स्टोअरमध्ये बसून सगळ्यात स्वस्त चाळीस पार्ट घ्या आणि त्यांचे दोन आकडे काढा. शुक्रवारी ग्रोमेटवाल्याकडे जा. मोल्डचा फोटो काढा, तो किती कॅव्हिटीचा आहे, म्हणजे एका वेळी किती नग निघतात, त्याचा जोड मोल्ड करायला काय लागेल ते विचारा, आणि मोल्ड बिघडला की तो दुरुस्तीला कुणाकडे नेतो तेही. त्या दुरुस्तीवाल्याचा नंबर घेऊन या, आणि तिथूनच एकदा लावून बघा.